आव्याचा खोकला

खोकला तसा नवा नव्हता.

मडकी भाजायचा आवा पेटला की या घरात सगळेच खोकतात. म्हातारा खोकतो, मुलगा खोकतो, सून खोकते, राखेच्या उबेला येऊन पडणारं कुत्रंही खोकतं. भुसा, शेणी, अर्धवट ओलं लाकूड. धूर घशात जाऊन बसतो आणि चिवट पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही. वाटेवरून जाणारे लांबूनच म्हणायचे, "कुंभारांचा आवा उतरला वाटतं. ऐका."

त्यामुळे त्या सकाळी म्हातारा अंथरुणात उठून बसला, गुडघ्यांत डोकं घालून बराच वेळ खोकत राहिला, तेव्हा कुणाला त्यात नवल वाटलं नाही. सुनेनं गरम पाणी पुढं केलं.

"मामंजी, घ्या. आज कोर्टात जायचंय ना."

"जायचंय," म्हातारा म्हणाला. "थंडी वाजतेय गं."

"थंडी? या दिवसांत?"

"हात लावून बघ," दारात मोटरसायकल पुसत असलेला नवरा म्हणाला.

तिनं कपाळाला तळहात लावला. "गार आहेत."

त्यानंही येऊन लावला. "गारच आहेत. रात्री नीट जेवले नाहीत, त्यानं होतं."

या घरात कपाळं नेहमी गारच लागत. आव्यातून ऊन मडकी उतरवून उतरवून तळव्यांचं कातडं चपलेच्या तळासारखं झालं होतं. चुलीतून बाहेर घरंगळलेला निखारा सून बोटांनी उचलून आत टाकी. सासू होती तेव्हा ती हात लावत नसे, वाकून गाल टेकवून बघायची. त्यावरून सगळे तिला हसायचे, म्हातारपणी काय लाड करतेस म्हणून. सासू गेली, तसं गाल टेकवणंही गेलं.

म्हाताऱ्यानं धुतलेला सदरा घातला. गुंड्या लावताना बोटं थरथरत होती. सुनेनं लावल्या.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"माती सोडून कुणाला घाबरलो नाही. माती तेवढी घाबरवते, वाळताना."

*

भांडण मातीचं.

तळ्याच्या पश्चिमेला एक तुकडा आहे. वर काळी, खाली पिवळी. चाकावर टाकली की आपणहून वर चढते, अशी माती. म्हाताऱ्याच्या आजापासून तिथं कुदळ चालली. आणि मागल्या सालापासून तिथं एक पिवळं मशीन येऊन उभं आहे. वीटवाल्याचं. तो म्हणतो, तुकडा त्याच्या बापाचा. कुंभार मध्येच कधीतरी घुसले. कोर्टानं तात्पुरती मनाई दिली म्हणून मशीन नुसतं उभं. त्याचा पंजा मातीत रुतलेला, वर एक बगळा. बगळा दिवसभर तिथून हलत नाही.

ती माती गेली तर चाक थांबणार. दुसरी माती कोसभर लांब, आणि ती भाजताना फुटते. हे त्या घरात बोलावं लागत नव्हतं.

मग साथीचा आजार आला. कोर्टाला कुलूप लागलं. तारखा पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. आणि एक दिवस मुलाला वकीलबाईंचा फोन.

"म्हाताऱ्यांना घेऊन या. स्वतः यायचं."

"फोनवर नाही का जमणार बाई? हल्ली लग्नंसुद्धा फोनवर लागतात."

"समोरच्या वकिलानं हरकत घेतलीय. म्हणाला, फोनवर साक्ष घेतली तर मागून कोण पढवतंय कुणाला दिसणार? जज्जसाहेबांना ते पटलं. नाही आले तर पुरावा बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे तुमचा पुरावा बंद, त्याचं मशीन चालू."

बाकीचं वकीलबाईंनी हळू आवाजात सांगितलं. कागद नाही. जुनी माणसं गेली. तळं आटलं त्या साली काय झालं हे डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस उरलाय. तो बोलला, आणि समोरच्याच्या प्रश्नांना उत्तरं देऊन टिकला, तर माती राहते.

"खोकतात का हो ते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आम्ही सगळेच खोकतो बाई. आव्याचा खोकला."

"गेटवर खोकू देऊ नका."

*

मोटरसायकलवर तिघं. पुढं मुलगा, मध्ये म्हातारा, मागं सून. म्हाताऱ्याच्या गालात लवंग. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं, आणि रस्ता असा मोकळा, की मधोमध झोपलेल्या कुत्र्यांनी हॉर्न ऐकून फक्त कान हलवले.

दुकानांची फळकुटं लागलेली. एका घराच्या दाराला बाहेरून बांबू आडवा ठोकलेला आणि आतून कुणीतरी खिडकीतून बघत होतं. सुनेनं मान फिरवली.

म्हाताऱ्यानं मुलाच्या पाठीवर डोकं टेकलं होतं.

"पाठ भाजायला लागली," मुलगा मागं वळून ओरडला. "ऊन बघ कसं वर आलंय."

"हो ना," सून म्हणाली.

ऊन समोरून येत होतं.

*

गेटवर दोर बांधलेला. दोराच्या अलीकडे चुन्याचे गोल, गोलांत माणसं, पिढ्याच्या पिढ्या भांडलेली, आता एकमेकांपासून हातभर लांब उभी. आधी नळ. नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे, मग शिपायासमोर मनगट करायचं. शिपायाच्या हातात पांढरं पिस्तूल.

"कपाळाला नको का?" सुनेनं विचारलं.

"वरून सांगितलंय मनगटाला. कपाळावर लावलं तर लोक म्हणतात डोक्यात किरण जातात." त्यानं म्हाताऱ्याच्या मनगटावर पिस्तूल रोखलं. मनगटावरून नळाचं पाणी अजून ओघळत होतं. शिपायानं आकडा वाचला आणि हसला. "चौतीस! आजोबा, जिवंत आहात ना?"

"आत जाऊन विचारतो," म्हातारा म्हणाला. "साहेब सांगतील."

रांगेतले हसले. म्हाताऱ्याच्या गालातली लवंग हलली. त्यानं खोकला गिळला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं म्हणून खपून गेलं.

"बरोबर एकच जण."

मुलगा पुढं झाला.

"मी जाते," सून म्हणाली. "तुम्हाला राग येतो."

हे खरं होतं. मागच्या खेपेला त्यानं वीटवाल्याची कॉलर धरली होती. तो दोराबाहेर राहिला, मोटरसायकलला टेकून, चाव्या बोटाभोवती फिरवत.

"एकदा आत गेलं की काम होईपर्यंत बाहेर नाही," शिपाई म्हणाला. "बाहेर आलात, की परत आत नाही."

*

भिंतीवर:

तोंड झाका.

थुंकू नका.

अंतर राखा.

ताप, खोकला असल्यास आवारात येऊ नये. लक्षणे लपवून प्रवेश केल्यास कारवाई होईल.

कृपया बाकावर फुली असलेल्या जागी बसू नका.

सुनेला वाचता येत होतं. तिनं सावकाश सगळं वाचलं, आणि म्हाताऱ्याला फुली नसलेल्या जागी बसवलं. मधल्या फुलीवर पिशवी ठेवली.

व्हरांड्याला फिनेलचा वास. खिडक्या उघड्या, वारा नाही. समोरच्या टोकाला वीटवाला बसला होता, पांढरा सदरा, मांडीवर हेल्मेट. त्यानं दोन्ही हात जोडले.

"काका, बरे आहात?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. भांडण कोर्टात; रस्त्यात ते दोघं अजून काका-पुतण्यासारखे बोलत. वीटवाल्याच्या घरातला पाण्याचा रांजण म्हाताऱ्याच्याच हातचा होता.

*

आत. साहेबांच्या पुढं छतापासून मेजापर्यंत पारदर्शक प्लास्टिक. पंखा सुरू झाला की ते प्लास्टिक श्वास घेतल्यासारखं पुढं-मागं होई. खाली टाइप करणारी बाई, चष्म्यावर वाफ. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा नुकताच पुसलेला, ओला.

"चेहरा दिसू द्या," साहेब म्हणाले. "साक्ष देताना फडकं खाली घ्या."

म्हाताऱ्यानं फडकं हनुवटीखाली ओढलं. सून मागं, भिंतीला लागून उभी.

वकीलबाई विचारायच्या. म्हातारा बोलायचा. साहेब ऐकायचे, थोडं थांबायचे, आणि टाइपवाल्या बाईला सांगायचे.

म्हातारा बोलला: माझ्या आजानं तिथं पहिली कुदळ मारली. तळं तेव्हा मोठं होतं. पाणी मागं सरलं की माती अशी उघडी पडायची, म्हशीच्या पाठीसारखी.

लिहिलं गेलं: वादग्रस्त जागेतून माझे आजोबा माती काढत असत.

बोलला: वरची काळी बाजूला ठेवायची. खालची पिवळी घ्यायची. मग काळी परत घालायची, गवत येऊ द्यायचं. पुढच्या साली शेजारची पट्टी. पहिल्या पट्टीवर परत येईपर्यंत माणूस म्हातारा होतो.

लिहिलं गेलं: आम्ही माती आळीपाळीने काढतो.

बोलला: कागद असता तर हा गडी मशीन घेऊन आला असता का, बाई?

लिहिलं गेलं: माझ्याकडे लेखी पुरावा नाही.

म्हाताऱ्यानं मान वळवून सुनेकडं बघितलं. मी असं कधी म्हणालो? तिनं हातानं खूण केली, बोला, पुढं बोला.

बोलला: तळं आटलं त्या साली याचा बाप आला होता. घराच्या भिंतीला लिंपायला माती हवी होती. मला म्हणाला, दोन टोपल्या नेऊ का? मी म्हणालो, चार ने.

साहेब या वेळी जास्त थांबले. पेन टेकवलं, उचललं.

लिहिलं गेलं: सदर वर्षी प्रतिवादीच्या वडिलांनी माझ्याकडे माती नेण्याची परवानगी मागितली.

आणि म्हाताऱ्याला खोकला आला. साधा नाही. आतून, तळातून, रिकाम्या रांजणात कुणी दगड टाकावा तसा. तो कठड्यावर वाकला. समोरचा वकील चार पावलं मागं गेला. प्लास्टिकनं श्वास घेतला.

"उलटतपास दुपारी," साहेब म्हणाले.

*

दुपारची सुट्टी.

वकीलबाई खूश होत्या. काळा झगा दंडावर घेऊन व्हरांड्यात भराभर बोलत होत्या.

"मस्त झालं. 'मागितली' हा शब्द आला, आता तो कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. फक्त उलटतपास. समोरचा विचारेल, हे फिरणार नाहीत, संपलं. उलटतपास राहिला तर मात्र सकाळचं सगळं पाण्यात."

"पुढच्या तारखेला केला तर?"

"पुढची तारीख कुणी बघितलीय? मनाई आजपर्यंतच आहे." त्या आणखी जवळ आल्या, मग आठवून एक पाऊल मागं गेल्या. "मागच्या आठवड्यात पलीकडच्या खोलीत एक साक्षीदार निघाला तसला. ताप लपवून आलेला. खोली सील केली, सगळ्यांना घरी कोंडलं, साक्ष बाद. पहिल्यापासून पुन्हा. बिचारा पुन्हा यायला उरलाच नाही. तुमचं बरं आहे, चौतीस." हसल्या, आणि चहाला गेल्या.

म्हातारा बाकावर. सून त्याच्या पायाशी जमिनीवर, डबा उघडून.

"खा थोडं."

"चव लागत नाही."

"सकाळपासून लवंग चघळताय, कशी लागेल?"

"लवंगेचीही लागत नाही गं," म्हातारा म्हणाला. मग हळूहळू, आव्यातली खालची मडकी खचावीत तसा, तो पुढं कलला. त्याचं डोकं तिच्या मानेवर आलं. कानाखाली, गालाला.

भाजलं.

ती तशीच राहिली. डब्याचं झाकण हातात. तिनं झाकण खाली ठेवलं. तळहात त्याच्या कपाळाला लावला: गार. गाल लावला: आवा. पुन्हा तळहात. पुन्हा गाल. आपलाच हात इतकी वर्षं खोटं बोलत होता, आणि आपण त्याला विचारून सगळं ठरवत होतो.

फुलीवरची पिशवी खाली पडली. ती कुणी उचलली ते तिनं वर बघितल्यावर कळलं.

"वहिनी," वीटवाला म्हणाला. पिशवी बाकाच्या टोकाला ठेवून तो मागं सरला. "काकांना बरं नाही."

"बरं आहे."

"माझा धाकटा भाऊ याच्यातच गेला. हे असे डोळे मी बघितलेत. खाली गाडी आहे. मी सोडतो दवाखान्यात. आत्ता, लगेच."

"आणि साक्ष?"

"तारीख घेऊ."

"आणि तोवर मशीन?"

त्यानं हेल्मेटची काच वर केली, खाली केली. "मशीन भाड्याचं आहे, वहिनी. मी तरी किती दिवस उभं ठेवू? पण ते वेगळं. हे वेगळं. माणूस आहे. माती काय, कुठं पळून जातेय?"

"तुमच्या पंज्यात बसून जातेय."

"वहिनी—"

"दूर व्हा. अंतर राखा लिहिलंय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. ते रागानं असतं तर बरं झालं असतं. मग गेला.

म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते. सगळं ऐकलं असावं, किंवा काहीच नाही.

"मामंजी," ती कानात म्हणाली, "दवाखान्यात जायचं का?"

"झालं का आपलं?"

"अर्धं झालंय."

"अर्धा भाजलेला आवा कुणी उघडतं का, वेडे," म्हातारा म्हणाला.

हे तो शुद्धीत म्हणाला की तापात, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. दोराबाहेर नवरा उभा होता. इथून तो दिसत होता, बोटाएवढा, चाव्या फिरवत. हाक मारायला जावं तर परत आत येता येणार नव्हतं. तिनं पदर पाण्यात भिजवला, पिळला, त्याच्या मानेवर ठेवला. पदर लगेच सुकला.

*

दुपार.

"तुमचं वय काय?" समोरचा वकील. लांबून, खिडकीशेजारून.

"साहेबांपेक्षा जास्त."

"डोळ्यांना दिसतं?"

"तुम्ही दिसताय. बाकी काय बघायचंय?"

लिहिलं गेलं: माझी दृष्टी चांगली आहे.

"तळं आटलं ते साल कुठलं?"

म्हातारा थांबला. कठड्यावरची बोटं माती मळल्यासारखी हलायला लागली.

"आवा विझवू नका," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"वारा फिरलाय. त्या बाजूला पत्रा लावा. अगं ए, ऐकतेस का, पत्रा..." तो सासूला हाक मारत होता.

टाइपवाल्या बाईची बोटं थांबली. साहेब पुढं झुकले, प्लास्टिकला त्यांचं कपाळ लागलं आणि तिथं एक वाफेचा गोल उमटला. मग म्हाताऱ्याला उबळ आली. ती थांबेना. तो कठड्याला धरून खाली खाली जायला लागला. सून धावली, काखेत हात घालून उभा केला. टाइपवाली बाई उठली. तिनं पायाशी ठेवलेली आपली पाण्याची बाटली उचलून पुढं केली.

"घ्या, आजोबा. तोंड लावून प्या, असू दे."

म्हातारा तोंड लावून प्याला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. सुनेनं बाटली परत दिली. टाइपवालीनं झाकण लावलं, पदरानं वरवर पुसली, पुन्हा पायाशी ठेवली.

"साहेब," समोरचा वकील म्हणाला, "साक्षीदार आजारी दिसतोय. आम्हाला सगळ्यांना धोका आहे. तारीख द्यावी. आणि मनाई पुढं न वाढवता..."

"बाई," साहेबांनी सुनेला विचारलं, "यांना बरं नाही का?"

खोलीत पंखा. प्लास्टिक आत, बाहेर.

वीटवाला मागच्या बाकावर होता. त्यानं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं मिटलं.

"बरं आहे साहेब," ती म्हणाली. "धूर आहे. परवाच आवा उतरवला आम्ही. आमच्या घरात सगळेच खोकतात." आणि ते पटावं म्हणून ती स्वतः खोकली. एकदा. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं. "कुत्रंसुद्धा खोकतं, साहेब."

कुणीतरी हसलं. साहेबही, बहुतेक.

"ताप?"

"गेटवर बघितलाय. चौतीस."

"आणि मघाशी ते काय बोलत होते?"

"म्हातारे झालेत. आव्याची काळजी असते. झोपेतही हेच."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दोन-चार प्रश्न असतील तर संपवा," ते वकिलाला म्हणाले. "पुन्हा बोलवायला नको."

वकिलानं खांदे उडवले. "मी म्हणतो, प्रतिवादीच्या वडिलांनी तुमच्याकडे कधीच माती मागितली नाही. ती त्यांचीच होती. तुम्ही खोटं सांगताय."

सुनेनं म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला होता. हाताला काही लागत नव्हतं. पण पाठ ताठ झालेली कळली.

"कोण खोटं?" म्हातारा म्हणाला. आवाज अचानक स्वच्छ, चाकावरून उतरवलेल्या भांड्यासारखा. "याचा बाप खड्ड्याच्या काठाला आला, आणि त्यानं पायातल्या चपला काढल्या. हातात धरल्या. मग विचारलं. दुसऱ्याच्या मातीत उतरताना माणूस चपला काढतो. आपल्या रानात कुणी काढतं का? विचारा याला. हा लहान होता, बापाच्या बोटाला धरून होता. यानंही काढल्या होत्या."

सगळ्यांनी मागं बघितलं. वीटवाला हेल्मेटकडं बघत होता.

लिहिलं गेलं: हे म्हणणे खरे नाही की प्रतिवादीच्या वडिलांनी माती मागितली नव्हती. हे म्हणणे खरे नाही की मी खोटे सांगत आहे.

"संपलं," वकील म्हणाला.

टाइपवाल्या बाईनं कागद ओढला, अंगठ्यासाठी शाई पुढं केली. म्हाताऱ्याचा अंगठा तिनं स्वतः धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला. एवढ्या जवळून, की तिच्या चष्म्यावर त्याच्या श्वासाची वाफ आली. "बोटाला रेघाच नाहीत, आजोबा," ती म्हणाली. मग जागेवर बसली, आणि घसा कोरडा पडला असेल म्हणून बाटली उचलली, आणि प्याली.

सून बघत होती. थांब म्हणायला एक शब्द लागला असता.

"मनाई निकालापर्यंत कायम," साहेब म्हणाले.

*

"झालं?" नवरा दोरावरून ओरडला.

"झालं."

"वाटलंच मला! काय रे बाबा, हाणलास ना?" तो बापाच्या पाठीवर थाप मारायला पुढं झाला, आणि त्याचा हात हवेतच राहिला, कारण बाप दोराला लागून तिरका होत होता.

"दवाखान्यात," ती म्हणाली. "सरळ. काही विचारू नका."

"अगं पण गार आहेत—"

"गार नाहीत. गाल लावा."

त्यानं लावला. मग गाडीला किक मारताना त्याचा पाय तीनदा घसरला.

*

दवाखान्याच्या आत जागा नव्हती. बाहेर पटांगणात मांडव, खाटा, सिलिंडर. दोघा वॉर्डबॉयनी म्हाताऱ्याला उचललं आणि पडद्याआड नेलं. त्याची एक चप्पल पायरीवर राहिली. मुलानं ती उचलली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरली.

नर्स पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकमध्ये. नुसते डोळे. आवाज दमलेला, पण वाईट नाही.

"तुमचे कोण?"

"सासरे."

"ताप कधीपासून?"

"सकाळपासून असेल. हाताला लागला नाही."

"श्वास लागतोय त्यांना. बघू, करतोय आम्ही." तिनं पेन झटकलं. "आता नीट आठवून सांगा. दोन दिवसांत कुठं कुठं गेले होते? कुणाकुणाला भेटले? जवळून बोलले, पाणी प्याले, हात लावला, सगळं सांगा. आम्ही लगेच त्यांच्याकडं जातो. लवकर कळलं तर माणूस वाचतो, कळतंय ना? लाजायचं नाही, घाबरायचं नाही."

नवऱ्यानं तोंड उघडलं. "आम्ही आज—"

"आम्ही आव्यावर होतो," सून म्हणाली.

तो तिच्याकडं वळला.

"आवा लागला की हलता येत नाही," ती नर्सला सांगत होती. "विझू द्यायचा नसतो. तिथंच बसून असतो आम्ही."

"बाजारात? दुकानात?"

"नाही."

"घरी कुणी आलं-गेलं?"

पलीकडं कुणीतरी खोकत होतं, तळातून. तो त्यांचाच म्हातारा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे ओळखू येत नव्हतं.

"कुणी नाही."

"म्हणजे घरातले तेवढेच?"

"तेवढेच."

"किती जण?"

नवरा चप्पल घट्ट धरून उभा होता. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. त्याला राग येतो, हे खरं होतं. पण तो काही बोलला नाही. मनाई कायम आहे हे तिनं त्याला वाटेत सांगितलं होतं.

"तिघं," सून म्हणाली.

"फक्त तिघं?"

"फक्त तिघं."

नर्सनं लिहिलं, खाली रेघ मारली.

"मग सोपं आहे," ती म्हणाली, आणि पुढच्याला हाक मारली.